साचे तेच होते

२०२५च्या जानेवारीत महाराष्ट्राने दावोसला १५ लाख कोटी रुपयांहून अधिक गुंतवणुकीचे सामंजस्य करार केले. असे आकडे आले की आपल्याकडे एकच वाद रंगतो: यातलं प्रत्यक्षात किती उतरणार? सरकारची बाजू घेणारे वरचा आकडा धरतात, विरोधातले खालचा. मला हा वाद अपुरा वाटतो. समजा, सगळेच्या सगळे करार उतरले, प्रत्येक कारखान्याची पायाभरणी झाली, यंत्रं बोटीतून उतरून जागेवर बसली. तरी इथल्या माणसाचं उत्पन्न पुढची तीस-चाळीस वर्षं वाढत राहील का, हे त्यावरून सांगता येत नाही. ते कशावर ठरतं, याचा विचार अर्थशास्त्राने गेली सत्तर वर्षं केला आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच मुंबईत गेली सव्वाशे वर्षं पडून आहे.

आधी या प्रश्नाचं वजन पाहू. सत्तरला वाढीच्या दराने भागलं की उत्पन्न दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. १९६० ते १९८० या काळात भारतात माणशी उत्पन्न वर्षाला सुमारे १.४ टक्क्यांनी वाढत होतं, दक्षिण कोरियात ७ टक्क्यांनी. म्हणजे कोरियन माणसाची मिळकत दहा वर्षांत दुप्पट होणार, भारतीयाची पन्नास वर्षांत. तिथली नात आजीपेक्षा कितीतरी पट श्रीमंत असेल आणि इथली नात जवळपास आजीच्याच चुलीपाशी बसलेली असेल. हे आकडे रॉबर्ट ल्युकस या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने केंब्रिजच्या व्याख्यानांत मांडले. भारताचं सरकार असं काही करू शकेल का की ज्याने ही चाल बदलेल, असं विचारून तो म्हणाला की एकदा हा विचार डोक्यात शिरला की दुसरं काही सुचणं अवघड होतं. मला हे वाक्य अगदी खरं वाटतं. दीड टक्का आणि सात टक्के यांतल्या फरकात किती बालमृत्यू, किती अर्धवट सुटलेल्या शाळा आणि किती स्थलांतरं दडलेली असतात, हे डोळ्यांपुढे आणलं की हा विषय नुसत्या आकडेमोडीचा राहत नाही.

आता मुंबईकडे येऊ. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि गिरणगावाची सुरुवात झाली. यंत्रं इंग्लंडमधल्या लँकेशायरची, बसवणारे आणि सुरुवातीला चालवणारे तंत्रज्ञही तिकडचेच. पुढे १८८३मध्ये जपानात ओसाकाची मोठी सूतगिरणी सुरू झाली, तिची यंत्रंही इंग्लंडचीच. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीकडे ज्याच्या हाती पैसा त्याला सूत कातायची चाती आणि साचे, म्हणजे कापड विणायचे माग, मिळत. गिऱ्हाईक पारशी आहे की जपानी, याने त्यांना फरक पडत नव्हता. कापूस तर आपल्या दारातच होता. मजुरी इंग्लंडच्या मानाने कितीतरी कमी. कागदावर पाहिलं तर मुंबईने मँचेस्टरला केव्हाच झोपवायला हवं होतं.

ग्रेगरी क्लार्क या आर्थिक इतिहासकाराने १९१०च्या सुमाराच्या जगभरच्या गिरण्यांचे आकडे मांडले तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमधला एक गिरणी कामगार जेवढं काम उरकत होता, तेवढ्याला ब्रिटनमध्ये दीड, जर्मनीत सव्वादोनच्या आसपास आणि भारत, चीन, जपान, ग्रीस इथे जवळपास सहा माणसं लागत होती. यंत्रं त्याच जातीची. स्वस्त मजुरीचा सगळा फायदा या सहा माणसांत विरघळून जात होता.

हे वाचून कुणी म्हणेल, इथला कामगारच आळशी. क्लार्कच्याच मांडणीत त्याला उत्तर आहे. ग्रीक किंवा पोलिश माणूस बोटीने न्यू इंग्लंडच्या गिरणीत पोचला की तिथल्याच वेगाने काम करू लागे. माणूस तोच, हात तेच. तेव्हा फरक माणसाच्या रक्तात नाही आणि यंत्राच्या लोखंडातही नाही. मग तो कुठे आहे?

हाच प्रश्न सिद्धांताच्या बाजूने रॉबर्ट सोलो या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५६ आणि १९५७च्या दोन निबंधांत विचारला. तोवरचा विचार साधा होता: बचत करा, ती यंत्रांत घाला, यंत्रं वाढली की उत्पादन वाढतं. हॅरॉड आणि डोमार या अर्थतज्ज्ञांच्या सूत्रांचा अर्थ असाच घेतला गेला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी आपल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी केलेली मांडणीही त्याच घराण्यातली, फक्त यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांना अग्रक्रम देणारी. मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी तेव्हाच हरकत घेतली होती की राबणाऱ्या माणसाचं धान्य-कापड हेही भांडवलच आहे, ते नसेल तर तुमची पोलादाची भट्टी कोण पेटवणार. त्यांचं म्हणणं बाजूला पडलं, आणि मला वाटतं, त्याची किंमत देशाने मोजली.

सोलोचं म्हणणं असं. एका शिवणकाम करणाऱ्या बाईला एक शिलाई मशीन दिलं की तिचं काम कितीतरी पटींनी वाढतं. दुसरं दिलं तर पहिलं बिघडेल तेव्हा उपयोगी पडेल. पाचवं दिलं तर ते कोपऱ्यात उभं राहील आणि त्याला तेलपाणी मात्र करावं लागेल. यंत्रं वाढवत नेली की प्रत्येक नव्या यंत्रापासून मिळणारी भर घटत जाते, झीज मात्र सगळ्याच यंत्रांची होते. एक वेळ अशी येते की सगळी बचत झीज भरून काढण्यातच जाते. म्हणून जास्त बचत करणारा देश कमी बचत करणाऱ्यापेक्षा वरच्या पायरीवर पोचतो, पण नुसत्या बचतीच्या जोरावर त्याला कायम चढत राहता येत नाही. मग सोलोने अमेरिकेचे १९०९ ते १९४९चे आकडे तपासले. त्या चाळीस वर्षांत कामाच्या तासामागचं उत्पादन दुप्पट झालं होतं. त्यातला जेमतेम आठवा हिस्सा वाढलेल्या भांडवलाचा निघाला. उरलेले सात हिस्से कशाने आले, ते हिशेबात थेट दिसेना. सोलोने त्याला तंत्रातला बदल म्हटलं. त्याच सुमारास मोझेस अब्रामोविट्झने अशाच उरलेल्या आकड्याला अर्थतज्ज्ञांच्या अज्ञानाचं माप म्हटलं, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं.

हे अज्ञान थोडं कमी केलं पॉल रोमर या अर्थतज्ज्ञाने. त्याचा मुख्य निबंध १९९०चा. मुद्दा असा की ज्ञान ही वस्तू बाकीच्या वस्तूंसारखी वागत नाही. चार भावांत शेताची वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला चौथाई येते आणि बांधावरून भांडणं सुरू होतात. पण पेरणीची नवी रीत चौघांनी उचलली तर ती चौथाई होत नाही. चौघांनाही ती पुरी मिळते, शिवाय शेजारच्या गावालाही. भांडवल वाटलं की घटतं, रीत वाटली की घटत नाही. म्हणून वाढ थांबू न देण्याची ताकद भांडवलापेक्षा रीतीत आहे. रोमरने आणखी एक गोष्ट दाखवली जी आपल्याकडे कमी बोलली जाते: ही रीत आभाळातून पडत नाही. कुणीतरी वेळ आणि पैसा घालून ती शोधतं, आणि त्यात कुणाचा तरी फायदा असावा लागतो.

ही शेवटची गोष्ट मनात धरून पुन्हा गिरण्यांत जाऊ, कारण १९१०मध्ये जपान आणि भारत एकाच पायरीवर होते. १९३० उजाडेपर्यंत ते एका पायरीवर राहिले नाहीत.

जपानी सूतगिरण्यांचा एक संघ होता. तो मासिक काढायचा आणि त्यात कुठल्या गिरणीने किती चात्यांवर किती सूत काढलं याचे आकडे छापून यायचे. प्रतिस्पर्ध्याचे आकडे दर महिन्याला डोळ्यांसमोर! एखाद्या गिरणीला कापसाच्या मिसळीची किंवा यंत्राच्या वेगाची नवी युक्ती सापडली की ती बाकीच्यांकडे पोचायला फार वेळ लागत नसे. दुसरीकडे तोयोदा साकिचीने वर्षानुवर्षं खटपट करून १९२४मध्ये आपोआप चालणारा माग सिद्ध केला. धागा तुटला की माग स्वतःच थांबे, बाणा (आडवा धागा) संपला की चालत्या मागावरच धोट्याची अदलाबदल होई. एक कामगार तीस-तीस माग सांभाळू लागला. १९२९मध्ये प्लॅट ब्रदर्सनेच या मागाच्या पेटंटचे हक्क १ लाख पौंडांना विकत घेतले. ज्यांनी जपानला यंत्रं विकली, त्यांना जपानकडून यंत्राचं ज्ञान विकत घ्यावं लागलं. या कुटुंबाने पुढे मोटारी बनवायला घेतल्या, त्या आज आपल्याही रस्त्यांवर आहेत.

जपानचं गुणगान करायचा माझा हेतू नाही. त्या गिरण्या वसतिगृहांत कोंडलेल्या कोवळ्या मुलींच्या कष्टांवर चालत होत्या, क्षयाने त्यातल्या किती गेल्या, आणि रात्रपाळीतून बायकांची सुटका व्हायला १९२९ साल उजाडावं लागलं. पण त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं तेही पाहिलं पाहिजे.

मुंबईत एका विणकऱ्याकडे दोनच साचे असत. मालकांना तिसरा द्यायचा होता, त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, एकाच माणसाकडे दुप्पट चाती द्यायची होती. कामगारांनी नकार दिला आणि १९२८मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. या नकाराला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिसरा साचा घेतला की शेजारचा माणूस घरी बसणार, हे त्या विणकऱ्याला दिसत होतं. रोज सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगारांची रांग उभी असे आणि आज कुणाला काम मिळेल हे जॉबर, म्हणजे मुकादम, ठरवत असे. त्या रांगेत उद्या आपणही असू, हे कळणाऱ्या माणसाने कोणत्या भरवशावर जास्त काम उरकायला शिकायचं? वाढलेल्या कामातला वाटा त्याला मिळेल, याची हमी कुणी दिली नव्हती.

आणि मालक? मुंबईच्या सुरुवातीच्या गिरण्यांत कंपनीचा कारभार पाहणाऱ्या मॅनेजिंग एजंटांची दलाली नफ्यावर नव्हे, मालावर ठरलेली असे: पौंडामागे पाव आणा. गिरणी तोट्यात गेली तरी सूत निघतंय तोवर दलाली चालू. नवी रीत शोधण्यात, माणसं शिकवण्यात अशा एजंटाचा काय फायदा? याला अपवादही होता, आणि तो मराठी मुलखातच. जमशेटजी टाटांनी १८७७मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, रिंग या नव्या तऱ्हेच्या चात्यांचे प्रयोग इतरांच्या आधी केले आणि १८८६मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. यंत्रातला प्रयोग आणि कामगाराची हमी या दोन गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र होत्या, हा मला योगायोग वाटत नाही.

बाकीच्यांनी मागणी केली ती जकातीची. सरकारने ती दिली; १९३३मध्ये ब्रिटिश नसलेल्या परदेशी कापडावर ७५ टक्के जकात बसली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी भारतीय कापूस उचलणं थांबवलं. गिरण्यांना आडोसा मिळाला आणि फटका कापूस पिकवणाऱ्याला बसला. पुढच्या वर्षी करार करून जकात खाली आणावी लागली.

हा सगळा जुना इतिहास आहे, आता तसं काही नाही, असं म्हणता आलं असतं तर मला आनंद झाला असता. २००८मध्ये स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत एक प्रयोग सुरू केला. हे कारखाने लहान नव्हते. पण आत गेल्यावर सूत नावनिशीविना गोदामात रचलेलं, दोषांची नोंद नाही, कुठला माग का आणि किती वेळ बंद राहिला याचा कागद नाही, देखभाल म्हणजे मोडेल तेव्हा दुरुस्ती. सल्लागारांनी चौदा कारखान्यांत सुमारे पाच महिने बसून अगदी साध्या सवयी लावल्या: रोजच्या नोंदी, सुताला चिठ्ठ्या, सकाळची बैठक, ठरलेल्या दिवशी तेलपाणी. मोठं नवं यंत्र एकही नाही. कापडातले दोष चाळीस टक्क्यांहून अधिक घटले आणि पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मग या सवयी आधी का नव्हत्या? काही मालकांना त्या माहीतच नव्हत्या, काहींना त्यांचा उपयोग पटत नव्हता. पण त्याहून खोल कारण मला या अभ्यासात सापडलं. चांगला चालणारा कारखाना वाढून वाईट चालणाऱ्याला बाजाराबाहेर का ढकलत नव्हता? तर कंपनी किती मोठी होणार हे ठरत होतं मालकाच्या घरात मुलगे-भाऊ किती, यावर. परक्या मॅनेजरवर विश्वास टाकायचा, तर त्याने सूत बाहेर विकलं, हिशेबात घोळ केला, तर दाद कुठे मागायची? कोर्टात खटला किती वर्षं चालेल? त्यापेक्षा घरातल्या माणसांना पुरतील इतकेच कारखाने काढलेले बरे. दिवाणी न्यायालयातली तारीख आणि कापडाचा दर्जा यांचा असा संबंध असेल, हे कुठल्याही उद्योग धोरणात मी वाचलेलं नाही. (घरातल्या मुली या हिशेबात धरल्याच जात नव्हत्या, हे वेगळं सांगायला नको. निम्मी अक्कल उंबऱ्याच्या आत ठेवून हे कारखाने माणसं कमी पडतात म्हणत होते.)

माझ्या म्हणण्यावर एक वजनदार आक्षेप आहे. सिंगापूर घ्या. एल्विन यंग आणि पॉल क्रुगमन यांनी १९९०च्या दशकात दाखवलं की त्या देशाची झेप मुख्यतः गुंतवणूक आणि माणसं वाढवून आली, कार्यक्षमतेची भर त्यात फारशी नव्हती. मग गरीब राज्याने आधी गुंतवणुकीच्याच मागे धावावं, ज्ञान-बिन नंतर बघू, असं का म्हणू नये? गुंतवणूक लागते, हे मला मान्यच आहे. रस्ते, वीज, बंदर, यंत्रं यांची आपल्याकडे अजून वानवा आहे आणि सोलोच्या हिशेबानेही आपण त्या पाचव्या शिलाई मशीनपासून पुष्कळ दूर आहोत. पण सिंगापूरने नेमकं काय वाढवलं होतं? १९६६मध्ये तिथल्या निम्म्याहून अधिक कामगारांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. १९९०पर्यंत दोन-तृतीयांश कामगार माध्यमिक शाळा पूर्ण केलेले होते. हिशेबात याला साधनांची भर म्हणतात, म्हणून ते कार्यक्षमतेच्या रकान्यात दिसत नाही इतकंच. उलट उदाहरण सोव्हिएत संघाचं. १९५०च्या दशकात त्यांच्या पोलादाने जग थक्क झालं. १९७०नंतर गुंतवणूक चालू असूनही वेग ओसरत गेला, कारण कारखान्यातल्या माणसाला नवी रीत शोधून काही मिळत नव्हतं आणि जुनी रीत चालवून काही बिघडत नव्हतं.

दुसरा आक्षेप: शोध जगात लागतातच, आपण उचलले की झालं. उचलायलाही हात तयार लागतो. ओसाकाने इंग्लंडचं तंत्र उचललं, मुंबईनेही उचललं. एकाने ते पुढे नेलं, दुसऱ्याने बसवून ठेवलं. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया ५ टक्क्यांच्या जवळ, आणि तिथे यातला मोठा भाग खासगी कंपन्यांच्या खिशातून येतो. आपल्याकडे खासगी कंपन्यांचा वाटा एक-तृतीयांशाच्या थोडा वर. आपल्या उद्योगपतींनी सवलतीची जमीन मागताना हा आकडा स्वतःला विचारावा असं मला मनापासून वाटतं. आणि त्याच्याही खाली पाया आहे तो शाळेचा. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहण्या वर्षानुवर्षं सांगत आहेत की ग्रामीण भारतातल्या पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा धडा नीट वाचता येत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत रीत पोचणार ती फक्त कुणीतरी हात धरून दाखवली तरच.

म्हणून मला दावोसच्या यादीकडून वेगळी अपेक्षा आहे. प्रत्येक करारापुढे कोटींचा आणि रोजगाराचा आकडा असतो. त्याच्या शेजारी आणखी तीन रकाने हवेत: किती शिकाऊ कामगार घडवणार, किती स्थानिक पुरवठादारांना आपल्या दर्जाचं काम शिकवणार, आणि इथे संशोधनावर किती खर्च करणार. सवलत द्यायची तर या तीन रकान्यांवर द्या आणि दर वर्षी ते आकडे कंपनीच्या नावानिशी छापा. कंत्राटावर अकरा महिने ठेवून बाराव्या महिन्यात बदलल्या जाणाऱ्या पोराच्या हातात कुठलंच कसब मुरत नाही. तो आजच्या गिरणीच्या दारातला बदली कामगार आहे, आणि त्याने जास्त साचे का घ्यावेत याचं उत्तर आपल्याकडे आजही नाही. व्यापारी खटल्यांसाठी न्यायाधीश नेमणं, आयटीआयमधली वीस वर्षांपूर्वीची यंत्रं बदलणं, पहिली-दुसरीच्या वाचनासाठी शिक्षक देणं, यांतल्या कशाचीच फीत कापता येत नाही. तरी अर्थसंकल्पातला पुढचा रुपया इकडे जावा, या मताचा मी आहे.

तारापूरच्या त्या कारखान्यांत संशोधक आठ-नऊ वर्षांनी पुन्हा गेले. लावलेल्या सवयींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. जिथे कारखान्याचा मॅनेजर बदलला होता, किंवा मालकाला लक्ष द्यायला वेळ उरला नव्हता, तिथे त्या गेल्या. पण उरलेल्या निम्म्या टिकल्या होत्या, आणि काही मालकांनी त्या आपल्या ज्या कारखान्यांत सल्लागार कधी गेलेच नव्हते, तिथेही नेऊन लावल्या होत्या.